डिस्क बदलण्याआधी तिला कोणी बिघडवलं ते शोधा

प्रश्न थोडक्यात असा: गाडी पंधरा वर्षांची, पुढे डिस्क, मागे ड्रम. ऐंशीच्या वेगात ब्रेक दाबला की स्टिअरिंग थरथरतं. सहा महिन्यांपूर्वी दोन्ही डिस्क लेथवर फेस करून, म्हणजे वरचा थर काढून सपाट करून घेतल्या, तेव्हा थरथर गेली. आता परत आली. मेकॅनिक म्हणतो डिस्क वाकल्यात, नव्या टाका. टाकाव्यात का, आणि हे काम घरी जमेल का?

टाका. घरीही जमेल. पण आधी एका गोष्टीचा छडा लावा. सहा महिन्यांपूर्वी लेथवरून सपाट होऊन आलेली डिस्क इतक्यात बिघडली कशाने? तिला बिघडवणारं जे काही आहे ते अजून गाडीतच बसलेलं आहे, आणि ते नव्या डिस्कचीही तीच गत करणार. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, हा प्रकार ब्रेकच्या कामात रोज चालतो. मीही सुरुवातीची काही वर्षं तेच करत होतो.

'डिस्क वाकली' हे बोलायला सोपं आहे, म्हणून रूढ झालंय. डिस्क असते बिडाची, म्हणजे कास्ट आयर्नची. बीड असं सहजासहजी वाकत नाही, फारच छळ झाला तर तडकतं. 'वाकलेली' म्हणून माझ्याकडे आलेल्या ज्या डिस्क मी मोजल्या, त्यांत बहुतेकींचा दोष जाडीत निघाला. तो कसा येतो ते नीट समजून घ्या, कारण तुमच्या सहा महिन्यांचं कोडं तिथेच सुटतं.

समजा डिस्क हबवर, म्हणजे ती आणि चाक ज्या फिरत्या भागावर बसतात त्यावर, किंचित तिरकी बसली आहे. कडेला मोजलं तर एका फेऱ्यात ती 0.1 मिलिमीटर आत-बाहेर डोलते. याला रनआउट म्हणतात. ब्रेक दाबलेला असताना हे डोलणं तुम्हाला फारसं कळत नाही, कारण अशा गाड्यांचा कॅलिपर, म्हणजे पॅड दोन्ही बाजूंनी डिस्कवर आवळणारा भाग, सहसा तरंगता असतो. तो पिनांवर सरकतो आणि डिस्कबरोबर डोलत राहतो. खरं नुकसान होतं ते ब्रेक न दाबता गाडी चालताना. ब्रेक सोडल्यावर पॅड आणि डिस्क यांच्यात फट राहते ती जेमतेम मिलिमीटरच्या एखाद्या दशांशाची. डोलणारी डिस्क प्रत्येक फेऱ्यात ठरावीक जागी पॅडला चाटून जाते, एका बाजूला बाहेरच्या पॅडला आणि तिच्या बरोबर समोर आतल्या पॅडला. काही हजार किलोमीटर हे चाललं की त्या जागा झिजतात आणि डिस्कची जाडी सगळीकडे सारखी उरत नाही.

जाडीतला फरक मात्र लगेच हाताला कळतो. 0.02 मिलिमीटर पुरतो, केसाचा जेमतेम तिसरा हिस्सा. जाड जागा पॅडमधून जाताना पिस्टन मागे रेटला जातो, पातळ जागा आली की सैल पडतो. ब्रेकचा जोर फेऱ्यागणिक कमीजास्त होतो आणि तो स्टिअरिंगमधून तुमच्या हातात येतो. ऐंशीच्या वेगात लहान गाडीचं चाक सेकंदाला बारा-तेरा फेरे घेतं, आणि चाक-सस्पेन्शनचं स्वतःचं थरथरणंही साधारण त्याच पट्ट्यात पडतं. म्हणून ऐंशीला हात हलतात आणि चाळीसला काहीच नाही.

आता तुमची गोष्ट बघा. लेथवर जाडी सारखी झाली, थरथर गेली. डिस्क परत त्याच हबवर तिरकी बसली, पण तिरकेपणा एकट्याने जाणवत नाही, म्हणून सगळं छान वाटलं. मग तिने सहा महिने पॅडला घासत घासत पुन्हा जाडीत फरक पाडला. काम झाल्यावर लगेच नाही, काही महिन्यांनी थरथर आली, तर माझा पहिला संशय डिस्कवर नसतो, हबवर असतो.

दुसरं एक कारण आहे, तेही सांगून ठेवतो. उतारावरून ब्रेक घासत आलात, डिस्क तापून लाल व्हायला आली, आणि खाली थांबून ब्रेकवर पाय दाबून उभे राहिलात, तर पॅडचा मसाला त्या एका जागी डिस्कवर छापला जातो. कधी पॅडच्या आकाराचा काळपट ठसा सरळ दिसतो. मग ती जागा जास्त घासते, जास्त तापते. तापमान सातशे अंशांच्या पुढे गेलं तर तिथलं बीडच बदलतं, सिमेंटाइट नावाचा काचेसारखा कडक भाग तयार होतो. लेथवर वरचा थर निघतो, पण कडकपणा आतपर्यंत गेलेला असला तर आजूबाजूचं बीड झिजतं आणि ती जागा पुन्हा उंच राहते. निळे डाग पडलेली डिस्क मी लेथवर चढवतच नाही, सरळ भंगारात टाकतो.

चाक काढण्याआधी गाडी चालवून दोन-तीन गोष्टी पक्क्या करा. स्टिअरिंग हललं तर दोष बहुधा पुढे, आणि फक्त सीट आणि पेडल हललं तर मागच्या ड्रमकडे बघा, तेही अंडाकृती होतात. रिकाम्या सरळ रस्त्यावर, साधारण चाळीसच्या वेगात, हँडब्रेकचं बटण दाबून धरून तो हलकेच ओढा. तेव्हाही गाडी हिसके देत असेल तर मागचा ड्रमच दोषी समजा. ब्रेक न दाबताच थरथर असेल तर चाकांचं बॅलन्सिंग बघा, डिस्कचा संबंध नाही. आणि पंधरा वर्षांच्या गाडीत कंट्रोल आर्मचे बुश, बॉल जॉइंट, टाय रॉडची टोकं तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका. ढिले बुश छोटी थरथर मोठी करून हातात देतात. बुश नवे असलेल्या गाडीत हीच डिस्क कदाचित तुम्हाला जाणवलीही नसती.

आता चाक काढा. सपाट, कडक जमीन, मागच्या चाकांना पुढून-मागून ओंडके, आणि गाडी जॅकवर नाही, घोडीवर, म्हणजे आधाराच्या स्टँडवर. चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करून घ्या. जुन्या गाडीत आधी कोणते पॅड बसले होते कोणाला माहीत, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतो, म्हणून ब्रेकची भुकटी कॉम्प्रेसरने किंवा तोंडाने उडवू नका. ब्रेक क्लीनर किंवा साबणाच्या पाण्याने ओली करा आणि फडक्याने पुसून घ्या.

जाडी मोजताना बहुतेक जण फसतात. डिस्कच्या कडेला जिथे पॅड पोचत नाही तिथे न झिजलेली धार उभी राहते. साध्या व्हर्निअरचे जबडे त्या धारेवर टेकतात आणि तुम्हाला नव्या डिस्कची जाडी दाखवतात. टोकदार मायक्रोमीटर नसेल तर जुगाड सोपा आहे. एकसारखी दोन नाणी घ्या, डिस्कच्या दोन्ही बाजूंना धारेच्या आत धरा, वरून व्हर्निअर लावा आणि नंतर नाण्यांची जाडी वजा करा. जाडी पुरेशी आहे की नाही हे ठरवायला एवढं पुरतं. जाडीतला फरक शोधायचा असेल तर मात्र मायक्रोमीटरच हवा. कडेपासून दहा-पंधरा मिलिमीटर आत, गोलाकार आठ जागी मोजा आणि प्रत्येक जागेपाशी खडूने आकडा लिहा. फरक कुठे आहे ते चित्रासारखं समोर येतं. समोरासमोरच्या दोन जागा पातळ निघाल्या तर डिस्क तिरकी बसत होती, यात शंका ठेवू नका.

किमान जाडी डिस्कवरच कोरलेली असते, कडेला किंवा मधल्या टोपीवर (हबवर बसणाऱ्या उठावदार भागावर), गंजाखाली. वायर ब्रश मारा, सापडेल. मधून हवा खेळणारी डिस्क नवी 22 मिलिमीटर असेल तर किमान 20 च्या आसपास असते. म्हणजे झिजायला एकूण दोन मिलिमीटर, बाजूला एक. लेथवर एका वेळी बाजूला पाव मिलिमीटर सहज जातो, कारागीर घाईतला असेल तर त्याहून जास्त. एकदा फेस झालेल्या, वर सहा महिने चाललेल्या डिस्कमध्ये पुन्हा फेस करायला काही उरलंय का, ते हा हिशोब करून बघा. शिवाय ती किमान जाडी फेस करून गाठायची नसते, तिथे डिस्क फेकायची असते. फेस करून बसवली तर नवे पॅड झिजेपर्यंत ती किमानच्या वर राहिली पाहिजे. तुमच्या बाबतीत माझं मत नव्या डिस्ककडेच जातं.

पातळ डिस्कने बिघडतं काय, तर उष्णता. हजार किलोची गाडी ताशी शंभरवरून थांबवली की सुमारे 385 किलोजूल ऊर्जा ब्रेकमध्ये जाते. त्यातला सत्तर टक्के भाग पुढच्या चाकांचा धरला आणि प्रत्येक डिस्क पाच किलोची असली तर एकाच थांबण्यात डिस्क सुमारे साठ अंशांनी तापते. पाठोपाठ पाच वेळा असं करा, थंड व्हायला वेळ देऊ नका, आणि मग बघा. डिस्क हे एका अर्थाने उष्णता साठवायचं भांडं आहे. वस्तुमान कमी झालं की भांडं लहान झालं.

ओरखडे बघून घाबरू नका. नख अडकतं म्हणून डिस्क बाद होत नाही, बारीक गोल रेघा सगळ्यांनाच पडतात. खोल नाल्या, कडेपर्यंत किंवा भोकापर्यंत पोचलेली चीर, गंजाने खाऊन पडलेले खड्डे, यांतलं काहीही दिसलं तर विषय संपला. पावसानंतर किंवा गाडी धुतल्यावर सकाळी दिसणारा केशरी गंज मात्र निरुपद्रवी, चार वेळा ब्रेक दाबला की पुसला जातो.

आता मुख्य जागा, हब.

एक गाडी आठवते. एकाच बाजूची डिस्क दीड वर्षात तीनदा बदललेली, त्यातली तिसरी माझ्याच हातून. चौथ्यांदा गाडी आली तेव्हा मी लाजेने डिस्क बाजूला ठेवली आणि बॅटरी घेऊन हबसमोर बसलो. हबवर वायर ब्रश मारलेला होता, वरवर स्वच्छ दिसत होता. पण मधला गोल उंचवटा जिथे सपाट तोंडाला मिळतो त्या कोपऱ्यात, एका बोल्टच्या मुळाशी, गंजाचा पापुद्रा चिकटला होता. ब्रश त्याच्यावरून गुळगुळीत फिरत होता. छिन्नीचं टोक खाली घालून हलकेच उचललं, तर टिकली निखळावी तसा तो खाली पडला. तीच डिस्क परत चढवली. आधी 0.14 डोलत होती, आता 0.03. तीन डिस्कची वाट एवढ्याशा टिकलीने लावली होती.

त्यामागचं गणित असं. हबचं टेकायचं तोंड 140 मिलिमीटर व्यासाचं आणि डिस्क 250 ची असेल, तर हबच्या कडेला 0.05 चा कचरा डिस्कच्या कडेला 0.09 चं डोलणं होतो. म्हणून हब साफ करायचा म्हणजे लखलखीत धातू दिसेपर्यंत. वायर ब्रश, मग एमरी कापड, प्रत्येक बोल्टच्या भोवती गोल फिरवून, आणि तो मधला कोपरा. खरवडताना धातू खाल्ला जाणार नाही एवढं बघा. मग बोटाची पेरं फिरवा. डोळ्याला जे दिसत नाही ते पेराला लागतं. एबीएसचा सेन्सर जवळ असेल तर त्याच्यावर भुकटी साचू देऊ नका.

डायल गेज, म्हणजे डोलणं मोजणारं काट्याचं यंत्र, असेल तर आधी हबचं तोंड मोजा. साफ केल्यावरही ते 0.03 पेक्षा जास्त डोलत असेल तर बेअरिंग किंवा हबच गेला आहे. गेज नसला तरी चाक असताना वर-खाली धरून हलवून बघायला काही लागत नाही. खटखट लागली, किंवा फिरवताना घरघर आली, तर आधी बेअरिंग, मग डिस्क. नाहीतर नव्या डिस्कवर पैसे वाया.

कॅलिपरची कहाणी पॅड सांगतात. काढलेले पॅड क्रमाने मांडून ठेवा, कोणता कुठला ते विसरू नका. आतला पॅड जास्त झिजला आणि बाहेरचा जवळपास तसाच, तर पिना जाम आहेत. पिस्टन आतला पॅड दाबतोय आणि कॅलिपर सरकत नाहीये. पॅड तिरका, एका टोकाला पातळ झिजला असेल तरी बहुधा एकच पिन अडकली आहे. पिना काढून पुसा, गंजाची रवाळ जागा असेल तर बदला, रबरी टोप्या फाटल्या असतील तर त्याही. ग्रीस मात्र ब्रेकसाठीचं, सिलिकॉनचं. नेहमीचं चाकाचं ग्रीस लावलंत तर रबर फुगतं आणि महिन्याभरात पिन पुन्हा पकडते. वरची आणि खालची पिन वेगळी असू शकते, एकीवर छोटी रबरी नळी असते. अदलाबदल करू नका. मी केली होती, तिचा खडखडाट शोधायला एक अख्खा दिवस गेला.

चाक ब्रेक सोडल्यावरही जड फिरत असेल तर एक छान परीक्षा आहे. ब्लीडिंगचं निपल, म्हणजे ब्रेक ऑइल आणि हवा बाहेर काढायची कॅलिपरवरची तोटी, अर्धा फेरा उघडा. थोडं ऑइल पिचकून चाक मोकळं झालं, तर दाब वरून अडकला होता. जुना रबरी पाइप बाहेरून चांगला दिसतो, आतून सुजतो, ऑइल जाऊ देतो पण परत येऊ देत नाही. निपल उघडूनही चाक जडच राहिलं तर पिस्टन किंवा पिना. पंधरा वर्षांच्या गाडीत ते पाइप मूळचेच असतील तर परीक्षेची वाट न बघता बदलून टाका. निपलवर आदल्या दिवशी गंज सोडवणारं तेल मारून ठेवा, ऐन वेळी तुटलं तर काम तिथेच थांबतं.

नवी डिस्क कोणती घ्यावी? साधी. भोकं पाडलेली, खाचा मारलेली डिस्क दिसायला झकास, पण रोजच्या गाडीत तिचा उपयोग नाही आणि चिरा भोकांपासूनच सुरू होतात. कडेला आणि टोपीला गंजरोधक लेप असलेली मिळाली तर घ्या. जुन्या डिस्कशेजारी ठेवून व्यास, जाडी, टोपीची उंची आणि मधलं भोक मोजा, पंधरा वर्षांत एकाच मॉडेलमध्ये दोन-तीन मापं येऊन गेलेली असतात. आतल्या पात्या वाकड्या असतील तर डावी-उजवी वेगळी असते. गाडी पुढे जाताना पात्या मधून बाहेर मागच्या दिशेला झुकलेल्या दिसायला हव्यात. डिस्क जोडीनेच बदलतात, एक कधीच नाही, आणि नव्या डिस्कबरोबर पॅडही नवे. जुन्या पॅडवर जुन्या डिस्कचे उंचसखल ठसे असतात.

डिस्क काढण्याआधी बघा, ती हबच्या पुढून बसली आहे की मागून. काही जुन्या गाड्यांत ती हबच्या मागे बोल्टने पकडलेली असते, तर काहींत हब आणि डिस्क एकच ओतीव. पहिल्या प्रकारात हब ओढून काढावा लागतो आणि त्यात बेअरिंगचा बळी जाऊ शकतो. दुसऱ्यात बेअरिंगमध्ये ग्रीस भरून त्यांचा ताण पुन्हा बसवावा लागतो. अशी गाडी असेल तर हे काम घरी करू नका, असा माझा सल्ला. बाकीच्यांचं सोपं.

कॅलिपर सोडला की तो तारेने स्प्रिंगला टांगा. पाइपवर लोंबत ठेवलात तर पाइप आतून फाटतो. कॅलिपर धरणाऱ्या ब्रॅकेटचे दोन बोल्ट घट्ट असतात, लांब दांड्याचा पाना लागेल. डिस्कला पकडणारे छोटे स्क्रू सहसा सडलेले असतात. सरळ फिरवायला गेलात की तोंड खराब झालंच. स्क्रूड्रायव्हर स्क्रूत धरून मागून हातोडीचे तीन-चार सणसणीत ठोके द्या, मग फिरवा, नाहीतर ठोकून फिरवायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर आणा. तरीही नाही आला तर डोकं ड्रिलने उडवा. तो स्क्रू फक्त चाक नसताना डिस्क पडू नये म्हणून आहे, खरी पकड चाकाच्या नटांची. डिस्कला आटे पाडलेली दोन भोकं असतील तर त्यांत बोल्ट आलटून पालटून थोडे थोडे आवळा, डिस्क स्वतःच हबवरून उठते. भोकं नसतील तर टोपीवर, बोल्टांच्या मधल्या जागी, फिरवत फिरवत ठोका. जुनी डिस्क भंगारात जाणार असेल तरच.

नव्या डिस्कवर गंज लागू नये म्हणून तेलाचा थर असतो. तो ब्रेक क्लीनरने, किंवा गरम पाणी आणि साबणाने धुवा आणि लगेच कोरडी करा. मागची बाजूही. मग तेलकट हात लावू नका. हबच्या सपाट तोंडावर ग्रीस थापायची सवय अनेकांना असते. मी तिथे काहीही लावत नाही, फक्त मधल्या गोल उंचवट्यावर अगदी पातळ हात फिरवतो, पुढच्या वेळी डिस्क निघावी म्हणून.

डिस्क चढवली की सगळे नट वॉशर घालून आवळा आणि डायल गेज लावा. बऱ्याच कंपन्या 0.1 पर्यंत चालवून घेतात. मी 0.05 च्या वर समाधानी होत नाही, कारण 0.1 चं पुढे काय होतं ते तुम्ही आत्ता अनुभवताय. जास्त निघालं तर डिस्क एक भोक पुढे फिरवून बसवा, पुन्हा मोजा. चार बोल्ट म्हणजे चार संधी. हबचा तिरकेपणा आणि डिस्कचा तिरकेपणा एकमेकांना मारतील अशी एखादी जागा बहुधा सापडते. तिथे खूण करून ठेवा.

नवे पॅड जाड असतात, म्हणून पिस्टन मागे ढकलावा लागतो. ढकलताना निपल उघडा, नळी बाटलीत सोडा, म्हणजे कॅलिपरमधलं काळं ऑइल उलटं वर जाण्याऐवजी बाहेर पडेल. पिस्टन बसला की आधी निपल बंद, मग हात काढा. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग खातं ते. नंतर नवं ऑइल भरून ब्लीडिंग करून घ्याच. हे ऑइल हवेतलं पाणी पितं. डॉट 4 दर्जाचं ऑइल ताजं असताना 230 अंशांना उकळायला हवं, पाणी मुरल्यावर तीच मर्यादा 155 वर येते. दोन वर्षांनी बदलायचं ते याच कारणासाठी.

चाक बसवताना चाकाचं आतलं तोंडही घासा, गंज तिथेही असतो. नट चांदणीच्या क्रमाने, समोरासमोर, दोन टप्प्यांत, टॉर्क पान्याने आवळा. लहान गाड्यांना 100 न्यूटन मीटरच्या आसपास लागतो, नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात बघा. हवेच्या गनने एक नट टर्र करून घट्ट आणि दुसरा सैल राहिला तर इतक्या मेहनतीने सरळ बसवलेली डिस्क पुन्हा ताणली जाते.

इंजिन सुरू करण्याआधी ब्रेक पेडल पंप करा. पेडल कडक होईपर्यंत, दहा वेळा, पंधरा वेळा. पिस्टन मागे ढकललेला असतो, पहिला पाय थेट तळाला जातो. मी शिकाऊ असताना हे विसरलो, गाडी मागे घेतली, आणि ती माझ्याच हत्यारांच्या टेबलाला जाऊन थांबली. हँडब्रेक ओढायचंही सुचलं नव्हतं. वस्तादांनी काही म्हटलं नाही, फक्त टेबल सरळ करायला लावलं.

मग पॅड बसवून घेणं. मोकळ्या रस्त्यावर साठच्या वेगातून पंधरापर्यंत, मध्यम दाबाने, आठ-दहा वेळा. पूर्ण थांबायचं नाही. दोन वेळांमध्ये अर्धा मिनिट नुसती चालवायची. शेवटी पाच-सात किलोमीटर ब्रेक फारसा न दाबता थंड होऊ द्या. यात पॅडच्या मसाल्याचा एकसारखा पातळ थर डिस्कवर बसतो. पॅड कंपनीने वेगळी पद्धत दिली असेल तर तीच पाळा. पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर करकचून ब्रेक शक्यतो टाळा.

पुढची देखभाल फार नाही. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा तपासा. उतारावर गिअर खाली घ्या, पाय सतत ब्रेकवर ठेवू नका, आणि तापलेल्या डिस्कवर लगेच पाण्याचा फवारा मारू नका. वर्षातून एकदा पिना काढून ग्रीस करा. गाडी पंधरा-पंधरा दिवस उभी राहत असेल तर अधूनमधून फिरवून आणा, नाहीतर पॅडखालची डिस्क गंजून तिथे ठसा पडतो. एखाद्या फेरीनंतर दोन्ही पुढच्या चाकांपाशी दुरून मोजणारा थर्मामीटर धरा. डावं-उजवं तापमान बरंच वेगळं निघालं तर एका बाजूचा कॅलिपर पकडायला लागला आहे, थरथर सुरू व्हायच्या आधीच कळतं.

एवढं करून काम मेकॅनिककडूनच करून घेणार असाल, तर त्याला डायल गेज आहे का ते विचारा. नसला तरी हरकत नाही, पण जुनी डिस्क निघाली की तुम्ही तिथे उभे राहा, आणि नवी चढण्याआधी हबच्या मधल्या कोपऱ्यावरून स्वतःचं बोट फिरवून बघा.